रोग ओळखण्याची फी

डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी नाडी पाहिली, पोट दाबून बघितले आणि "काही विशेष नाही, दोन दिवस विश्रांती घ्या" असे सांगितले, तरी आपण निमूटपणे फी देतो. औषध लिहून दिले नाही म्हणून कोणी फी परत मागत नाही. उलट घरी येऊन आनंदाने सांगतो, "काही नाही म्हणाले!" मात्र गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेलो, मेकॅनिकने अर्धा तास गाडीखाली पडून बघितले आणि "काही नाही, एक नट ढिला होता, आवळला" असे म्हणाला, की आपण "चला, बरं झालं" म्हणतो, चावी फिरवतो आणि निघतो. फार तर चहाचे पैसे देतो.

माझे म्हणणे असे की गॅरेजविषयीच्या आपल्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे. आपण सुट्या भागाचे पैसे देतो, विचाराचे देत नाही. आणि ज्या विद्येचे पैसे मिळत नाहीत ती विद्या टिकत नाही, हा जगाचा नियम आहे. शाळेत चाळीसेक वर्षे काढलेल्या माणसाला तो वेगळा सांगावा लागत नाही!

आता भाषेच्या मास्तराने मोटारगाडीवर का बोलावे, असा प्रश्न पडेल. मी मराठी माध्यमातला बी.ए. पण मी राहतो जामला. नागपूरहून येणारा मोठा रस्ता (पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ७, आता ४४) आमच्या गावाशी फुटतो. एक फाटा हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. रात्रंदिवस गाड्या. जिथे गाड्या तिथे गाड्यांचे आजार, आणि जिथे आजार तिथे वैद्य. निवृत्तीनंतर माझी सकाळ वाचनात जाते आणि संध्याकाळ एखाद्या गॅरेजच्या बाकावर. तिथे बसून मी जे पाहिले त्यात मला सर्वांत शिकवून गेलेला आजार म्हणजे जुन्या गाडीचा हायड्रॉलिक क्लच बसणे. त्याच्याच उदाहरणावरून माझा मुद्दा सांगतो.

आधी ही भानगड काय आहे ते थोडक्यात. (ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचा परिच्छेद खुशाल वगळावा.)

मारुती ८०० सारख्या लहान गाडीत क्लचच्या पेडलपासून क्लचपर्यंत तारेची केबल असते. पेडल दाबले की तार ओढली जाते. हायड्रॉलिक क्लचमध्ये तारेच्या जागी तेल असते, तेच ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो. पेडलजवळ एक छोटा सिलिंडर, तो मास्टर. खाली गिअर बॉक्सजवळ दुसरा, तो स्लेव्ह. (नावे इंग्रजांनी ठेवलेली आहेत, आपण काय बोलणार!) दोघांमध्ये तेलाने भरलेली नळी. पेडल दाबले की मास्टरमधला दट्ट्या तेलाला ढकलतो, ते तेल स्लेव्हमधल्या दट्ट्याला ढकलते, त्याची दांडी एका लोखंडी फोर्कला रेटते, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे सारतो आणि क्लच प्लेट इंजिनपासून सुटी होते. मग गिअर बदलता येतो. सतराव्या शतकातल्या ब्लेझ पास्कल या फ्रेंच माणसाने सांगितलेला नियम तो हाच. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. स्लेव्हच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ मास्टरच्या दीडपट असेल तर जोर दीडपट होतो, पण दट्ट्या तितक्याच प्रमाणात कमी सरकतो. फुकट काहीच मिळत नाही.

आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत ही रचना पोचवली ती मुख्यतः जीपच्या जातीच्या दणकट गाड्यांनी. टाटा सुमो आली १९९४ साली. पुण्यात टाटांचा मोटार कारखाना उभा करणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नावाची आद्याक्षरे घेऊन तिचे नाव ठेवले. मुळगावकर १९८९ सालीच गेले होते. पंचवीस वर्षे चालून २०१९ साली सुमोचे उत्पादन थांबले, पण गाड्या थांबल्या नाहीत. आमच्या भागात लग्नाची वऱ्हाडे, बाजाराचे दिवस, दवाखान्याच्या फेऱ्या अजून अशाच जुन्या गाड्यांवर होतात. ही गाडी ज्याची असते त्याचे घर त्या गाडीवर चालत असते. तेव्हा ती एक दिवस उभी राहिली तर त्या घरात काय होते हे लक्षात घेऊन पुढचे वाचावे.

आमच्या ओळखीतल्या एका चालकाची अशीच एक जुनी दहा आसनी गाडी. कंपनीचे नाव घेत नाही, कारण दोष वयाचा होता, कंपनीचा नव्हे. एक दिवस पेडल खाली गेले ते वर येईना. गिअर पडेना. एका गॅरेजवर दाखवली. तिथल्या कारागिराने पेडल दोनदा दाबून पाहिले आणि निकाल दिला, "प्लेट गेली. सेट टाका." गिअर बॉक्स खाली उतरवला. नवी क्लच प्लेट, नवी प्रेशर प्लेट, नवे बेअरिंग. काही हजारांचा चुराडा, शिवाय दोन दिवसांचा धंदा बुडाला. सगळे जोडताना नवे तेल घातले, एअर काढली. पेडल छान लागले! चालक खूश, कारागीरही खूश. आणि पाचव्या दिवशी पेडल पुन्हा खाली.

या गोष्टीतला खरा बोध त्या मधल्या चार दिवसांत आहे. चुकीच्या औषधाने रोगी चार दिवस बरा झाला, म्हणून औषध बरोबर होते असे सर्वांना वाटले. प्रत्यक्षात बरे वाटले ते प्लेटमुळे नव्हे, तर जोडणी करताना तेल भरून एअर काढली त्यामुळे. पुढे दुसऱ्या एका वयस्क मेकॅनिकने स्लेव्ह सिलिंडरवरचे रबरी बूट बोटाने मागे सारले. आतून चमचाभर काळे तेल बाहेर आले. "हे पाहा जी," तो म्हणाला, "रोग इथं आहे अन् ऑपरेशन तिथं केलं." तेल जमिनीवर सांडत नव्हते, बुटात साठत होते आणि उरलेले धुळीच्या थराने शोषले होते. म्हणून कोणाला दिसले नव्हते. सिलिंडर बाहेर काढला. आत गंजाच्या बारीक खळग्या आणि फाटलेला वॉशर. प्लेटच्या सेटच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ होता, आणि वेळ अर्ध्या दिवसाचा.

बी.ए.ला मला संस्कृतही होते, आणि त्या ओढीने पुढे वाचायला मिळाले ते वाचत गेलो. आयुर्वेदात माधवकराचा 'माधवनिदान' म्हणून ग्रंथ आहे, सुमारे सातव्या-आठव्या शतकातला. त्यात औषधे जवळजवळ नाहीतच! सारा ग्रंथ रोग ओळखण्यावर. सुरुवातीलाच निदानाची पाच अंगे सांगितली आहेत. निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे रोग येण्याआधीच्या खुणा, रूप म्हणजे उघड लक्षणे, उपशय म्हणजे कशाने बरे वाटते आणि कशाने वाढते ते, आणि संप्राप्ती म्हणजे कारणापासून रोगापर्यंत गोष्ट कशी पोचली तो सारा प्रवास. गॅरेजच्या बाकावर बसून मला वाटू लागले की ही पाच अंगे क्लचला चपखल बसतात. बघा, पटते का.

कारण. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. वर्षानुवर्षे तेल बदलले नाही की त्यात पाणी मुरते, सिलिंडरला आतून गंज धरतो, खळग्या पडतात आणि त्यावर घासून रबरी वॉशर फाटतो. त्यात कोणी 'तेल ते तेलच' म्हणून इंजिन ऑइल ओतले तर ते रबर फुगून वाया जाते. तेल कॉफीसारखे काळे दिसले की समजावे, बरीच वर्षे इकडे कोणी पाहिलेले नाही.

पूर्वरूप. क्लच एका दिवसात बसत नाही, तो आधी कळवत असतो. रिव्हर्स टाकताना करकर होते. सकाळी पहिला गिअर अडतो. पेडल पूर्वी अर्ध्यावर पकडायचे ते आता तळाशी पकडू लागते. डब्यातले तेल कमी होते आणि चालक 'थोडे टाकून' पुढे जातो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. ब्रेकचे लायनर झिजले की ब्रेकच्या डब्यातली पातळी थोडी उतरते, ते स्वाभाविक असते. क्लचमध्ये तसे होत नाही. तिथे पातळी उतरली म्हणजे तेल कुठेतरी बाहेर चालले आहे. क्लच तेल पीत नाही!

रूप. उघड लक्षणे दोन जातींची असतात आणि ती एकमेकांच्या उलट असतात. इंजिन गुरगुरते पण गाडी चढ चढत नाही, म्हणजे क्लच घसरतो आहे, पकडत नाही. ही बहुधा प्लेटची गोष्ट. दुसरीकडे गिअर पडत नाही, किंवा पेडल दाबूनही गाडी पुढे सरकते, म्हणजे क्लच सुटत नाही. इथे आधी संशय तेलाच्या वाटेवर घ्यायचा. वरच्या गोष्टीत हा पहिला प्रश्नच कोणी विचारला नाही. खात्रीसाठी साधी परीक्षा आहे. इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात आणि चालू केल्यावर पडत नाहीत, तर गिअर बॉक्स बहुधा निर्दोष आहे. क्लच सुटत नाही एवढेच.

उपशय. हे मला सर्वांत आवडते. लक्षणांवरून रोग कळत नसेल तर कशाने उतार पडतो ते बघा, असे जुने वैद्य सांगत. पेडल भराभर पाच-सहा वेळा मारले आणि ते कडक झाले, गिअर पडला, तर नळीत हवा आहे किंवा दट्ट्याचा वॉशर दाब धरत नाही. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. स्लेव्हची दांडी मुळात फार तर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर सरकायची, त्यातले दोन-तीन मिलिमीटर हवेने खाल्ले की क्लच अर्धवट सुटतो. दुसरी परीक्षा अशी. सपाट जागी, समोर कोणी उभे नसताना, हँडब्रेक ओढून, पेडल दाबून पहिला गिअर टाकायचा आणि पाय न हलवता अर्धा मिनिट धरून ठेवायचे. गाडी हळूहळू ओढू लागली आणि बाहेर कुठेही थेंब नाही, तर मास्टर सिलिंडर आतल्या आत दाब सोडतो आहे. हा लबाड रोग. तेल कमी होत नाही, गळती दिसत नाही, आणि बिचाऱ्या प्लेटवर आळ येतो.

संप्राप्ती. शेवटी सगळी साखळी जोडायची. कारण इथे, खूण इथे, म्हणून दोष इथेच असला पाहिजे. यासाठी एक परीक्षा अशी आहे की ती सगळ्या प्रश्नाचे दोन तुकडे करते. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, चाकांना दगड लावलेले. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. हे मास्तर म्हणून सांगतो, दोनदा सांगतो.) एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने खाली स्लेव्हच्या दांडीकडे बघायचे. दांडी पुरती सरकते आणि तरी क्लच सुटत नाही, तर दोष आत आहे, फोर्क, बेअरिंग, प्रेशर प्लेट यांपैकी कशात तरी. तेव्हा गिअर बॉक्स उतरवा, हरकत नाही. दांडी सरकतच नाही किंवा जेमतेम हलते, तर दोष बाहेर आहे. मग पेडलच्या मागे हात घालून ओल बघा, गालिचा चाचपा, नळीचे सांधे पुसून बघा, रबरी होज दाबाने फुगतो का बघा, बूट मागे सारा. दोन माणसे, पाच मिनिटे, खर्च शून्य. आणि त्या पाच मिनिटांवर काही हजार रुपये अवलंबून!

शाळेत मी वाक्यपृथक्करण शिकवीत असे. मुले घाईने शेवटचा शब्द क्रियापद समजून मोकळी होत. मी म्हणत असे, आधी विचारा, वाक्य कोणाविषयी बोलते आहे? क्लचचे तसेच आहे. आधी विचारा, तो सुटत नाही की पकडत नाही? एवढा एक प्रश्न बरोबर विचारला तरी अर्धे काम झाले.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर मी अन्याय करीन. मी एका तरुण मेकॅनिकला विचारले, "अरे, आधी बूट मागे सारून का पाहत नाहीस?" तो हसला. "गुरुजी, पाहाले काही नाही. पण पाहाचे पैसे कोन देते? वॉशर टाकला तर गिऱ्हाईक म्हनते, एवढ्याशा रबराचे एवढे पैसे? अन् महिन्यानं वरचा सिलिंडर गेला तर मलेच शिव्या. सेट टाकला तर हजाराचं बिल कोनी इचारत नाही, डोळ्यानं नवा माल दिसते ना!"

त्याचे उत्तर मला निरुत्तर करणारे होते. मास्टर आणि स्लेव्ह एकाच वयाचे असतात. एकाला नवे रबर मिळून दाब वाढला की दुसरा मागोमाग हात टेकतो, हे खरेच आहे. म्हणूनच चांगला मेकॅनिक दोन्ही उघडून बघायला सांगतो. पण असे सांगणाऱ्यालाच आपण लुटारू समजतो, आणि न बघता सेट टाकणाऱ्याला मोठा कारागीर! दोष त्याच्या बोटांत नाही, आपल्या हिशेबात आहे. डोळ्याला दिसणाऱ्या मालाचे पैसे द्यायला आपला हात सैल आणि न दिसणाऱ्या बुद्धीचे द्यायला आखडता.

कोणी म्हणेल, आता संगणक आले, स्कॅनर लावला की गाडी स्वतःच रोग सांगते. नव्या गाड्यांचे काही दोष सांगते, खरे आहे. पण या जुन्या गाड्यांच्या क्लचच्या नळीला कोठे सेन्सर नाही. तिथे डोळा, बोट आणि डोके हेच स्कॅनर. शिवाय नव्या गाडीतही यंत्र फार तर लक्षण सांगते. संप्राप्ती माणसालाच जोडावी लागते.

आमच्या जिल्ह्यात ही गोष्ट बोलताना एक आठवण येणे साहजिक आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन यांच्या समितीने योजना तयार केली, आणि 'नई तालीम' जन्माला आली. हाताच्या उद्योगातून शिक्षण द्यावे, नुसता उद्योग शिकवू नये आणि नुसते पुस्तकही शिकवू नये, तर उद्योग करताना 'का' हा प्रश्न विचारायला शिकवावे, असा तिचा गाभा. पुढे काय झाले ते आपण पाहतोच. शाळेत पास्कलचा नियम पाठ करणाऱ्या मुलाने स्लेव्ह सिलिंडर कधी पाहिलेला नसतो, आणि गॅरेजमध्ये रोज स्लेव्ह सिलिंडर खोलणाऱ्या मुलाला पास्कल कोणी सांगितलेला नसतो. दोघे एकाच गावातले, कधी कधी एकाच बाकावर बसलेले! दोघांच्या मधली नळीच तुटलेली आहे. इकडचा दाब तिकडे पोचत नाही.

मग करायचे काय? मोठमोठे उपाय मी सुचवत नाही, तेवढे वय राहिले नाही. लहान सुचवतो. गॅरेजमध्ये गेल्यावर "काय बदलावे लागेल?" असे विचारू नका. "काय झाले आहे आणि ते तुम्ही कशावरून म्हणता?" असे विचारा. भाग उतरवण्याआधी कारण दाखवायला सांगा, दांडी सरकताना किंवा न सरकताना स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि मेकॅनिकने नीट बघून "काही बदलायची गरज नाही" असे सांगितले, तर त्याला बघण्याचे पैसे द्या. मोजून, मान राखून द्या, चहाचे म्हणून नव्हे. बिलावर 'तपासणी' अशी ओळ लिहायला सांगा. आमच्या इथल्या दोन-तीन जणांनी हे सुरू केले आहे. त्या ओळीने मेकॅनिकचा चेहरा कसा बदलतो ते एकदा अनुभवून बघाच.

गॅरेजमध्ये वाहनचालक गरीब असतो आणि मेकॅनिकही गरीब असतो. दोघांच्या मध्ये तो न लागणारा सुटा भाग तेवढा श्रीमंत होतो. त्याचे पैसे गावाबाहेर जातात. बघण्याचे पैसे मात्र गावातच राहतात, आणि त्याबरोबर बघण्याची विद्याही राहते.

असो. मास्तरकीची खोड, लांबत गेले. तुमच्या गाडीचा क्लच हायड्रॉलिक असेल तर निदान उद्या सकाळी बॉनेट उघडून डब्यातले तेल किती आहे आणि कोणत्या रंगाचे आहे एवढे तरी बघा. त्याला कोणाचीच फी लागत नाही.